हनुवटीवरचे पांढरे होत चाललेले केस कायमचे काढण्यासाठी कोणता मार्ग निवडावा?

निशिगंध

नमस्कार. माझे वय ५३ आहे. पाळी थांबल्यापासून हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला जाड, राठ केस येऊ लागले. सुरुवातीला ते सगळे काळे होते. आता त्यांतले जवळजवळ निम्मे पांढरे किंवा राखाडी झाले आहेत. वरच्या ओठावर थोडी लव आहे, पण तिचा मला फारसा त्रास नाही. त्रास होतो तो हनुवटीच्या केसांचा, कारण ते उजेडात चमकतात, बोटांना सतत टोचतात आणि प्लकरने काढले तरी पुन्हा येतात. वर्षानुवर्षे उपटल्यामुळे तिथे काळसर डाग पडले आहेत आणि काही केस बाहेर न येता कातडीखालीच वळून त्यांच्या दुखऱ्या पुळ्या होतात.

आता मला हे कायमचे संपवायचे आहे. लेसरची चौकशी केली तेव्हा एका ठिकाणी सगळे केस जातील असे ठामपणे सांगण्यात आले, तर दुसरीकडे पांढऱ्या केसांवर लेसरचा काहीच परिणाम होत नाही असे ऐकले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, म्हणून येथे विचारत आहे. पांढऱ्या केसांवर खरोखर कायमचा उपाय आहे का? असेल, तर निम्मे काळे आणि निम्मे पांढरे अशा अवस्थेत सुरुवात कशाने करावी? घरी वापरायची प्रकाशाची यंत्रे मिळतात, त्यांचा उपयोग होईल का? माझा वर्ण सावळा आहे आणि साध्या ओरखड्याचाही डाग माझ्या त्वचेवर बराच काळ राहतो, हे लक्षात घेऊन कृपया सांगावे.

शलाका

निशिगंधताई, मी इलेक्ट्रोलिसिसचे, म्हणजे विजेच्या सुईने एकेक केस मुळापासून नष्ट करण्याचे, काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांपैकी बऱ्याच जणी नेमक्या तुमच्याच अवस्थेत येतात, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

प्रथम लेसरविषयी. लेसरचा प्रकाश केसाला ओळखतो तो त्याच्या रंगावरून. केसातले मेलॅनिन हे रंगद्रव्य तो प्रकाश शोषून घेते, त्याची उष्णता होते आणि ती उष्णता मुळापर्यंत व भोवतीच्या पेशींपर्यंत पोहोचून रोमकूप, म्हणजे केस जिथून उगवतो ती त्वचेतली खोबण, निकामी करते. आजूबाजूची त्वचा न भाजता फक्त रंगद्रव्य असलेला भाग तापवायचा, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या दोन संशोधकांनी १९८३ मध्ये मांडले आणि केस काढण्याची सगळी लेसर यंत्रे त्यावरच चालतात, मग ते ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अलेक्झांड्राइट असो, ८०० च्या आसपासचे डायोड असो किंवा १०६४ चे एनडी-याग असो. पांढऱ्या केसात हे मेलॅनिनच उरलेले नसते, कारण रोमकूपातल्या रंग तयार करणाऱ्या पेशी संपलेल्या असतात. प्रकाश शोषून घेणारे काही नाही, म्हणून उष्णता नाही आणि म्हणून परिणामही नाही. यंत्र कितीही महाग असले, शक्ती कितीही वाढवली, तरी यात फरक पडत नाही. शक्ती वाढवल्याने भाजते ती त्वचा. तुम्हाला ज्यांनी सगळे केस जातील असे सांगितले त्यांनी तुमच्या हनुवटीकडे नीट पाहिले नसावे, असे मला स्पष्टपणे वाटते.

घरी वापरायची प्रकाशयंत्रेसुद्धा मेलॅनिनवरच अवलंबून असतात. पांढऱ्या केसांवर ती निरुपयोगी आहेत आणि सावळ्या त्वचेवर ती वापरू नयेत, असे बहुतेक यंत्रांच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते, कारण तिथे केसापेक्षा त्वचेतले मेलॅनिनच जास्त प्रकाश ओढून घेते. तुमच्या बाबतीत ही दोन्ही कारणे लागू आहेत. केसाला चिमटा लावून वीज सोडणारी काही उपकरणेही विकली जातात. केसातून वीज मुळापर्यंत वाहत नाही, तेव्हा ती म्हणजे केवळ महागडा प्लकर होय.

इलेक्ट्रोलिसिसला केसाच्या रंगाशी काहीही देणेघेणे नाही. यात केसाएवढी बारीक सुई प्रत्येक रोमकूपात, त्वचेला न टोचता, केसाच्या कडेने आत सरकवतात आणि मुळाशी वीज देऊन ते नष्ट करतात. पद्धत जुनी आहे. १८७५ मध्ये चार्ल्स मिशेल या नेत्रवैद्यांनी डोळ्यात वळणाऱ्या पापण्यांचे केस काढण्यासाठी ती वापरली होती. आज तिचे तीन प्रकार प्रचारात आहेत. गॅल्व्हॅनिक प्रकारात एकदिश प्रवाहाने त्वचेतले मीठ आणि पाणी यांपासून मुळाशी अत्यल्प कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो पेशी नष्ट करतो. याला वेळ लागतो. थर्मोलिसिसमध्ये उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने उष्णता निर्माण होते आणि एक केस क्षणार्धात होतो. ब्लेंडमध्ये दोन्ही प्रवाह एकत्र देतात. तुमच्याबाबतीत प्रकार निवडताना एक गोष्ट महत्त्वाची आहे. अनेक वर्षे उपटल्यामुळे रोमकूप वाकडे झालेले असतात आणि सरळ सुई वाकड्या रोमकूपाच्या तळाशी पोहोचतेच असे नाही. तयार झालेला सोडा मात्र वाकड्या नळीतून पाणी जावे तसा वळणातून खाली उतरतो, म्हणून अशा जाड, खोल, वाकड्या केसांसाठी मला स्वतःला ब्लेंड अधिक भरवशाचे वाटते. कुशल हात असेल तर थर्मोलिसिसनेही उत्तम काम होते, हेही सांगायला हवे.

आता क्रमाविषयी, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा तोच आहे. निम्मे केस अजून काळे आहेत तोवर लेसरचा फायदा घेण्याची संधी तुमच्याकडे आहे, आणि दर वर्षी ती थोडी कमी होणार आहे. जे केस आज लेसरने थोड्या बैठकांत जाऊ शकतात, तेच पांढरे झाल्यावर एकेक करून सुईने काढावे लागतील. म्हणून काळे केस दाट आणि पुष्कळ असतील तर आधी त्यांच्यापुरते लेसर करून घ्यावे आणि उरलेल्या पांढऱ्या केसांसाठी इलेक्ट्रोलिसिसकडे यावे. परंतु एकूण केस मोजकेच असतील, म्हणजे केवळ हनुवटीच्या टोकावर आणि जबड्यावर विरळ पसरलेले असतील, तर लेसरच्या फेऱ्यात न पडता थेट इलेक्ट्रोलिसिस सुरू करणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. काळा-पांढरा असा भेद न करता सगळे एकाच हाताने, एकाच उपचारात संपतात.

वेळेची तयारी मात्र ठेवा. रोमकूप आळीपाळीने विश्रांती घेतात आणि आज जो केस त्वचेवर दिसतच नाही, तो काही आठवड्यांनी वर येतो. म्हणून सुरुवातीला आठवड्या-पंधरवड्याने छोट्या बैठका, मग अंतर वाढवत, साधारण वर्ष ते दीड वर्ष हे काम चालते.

त्वचावैद्य

शलाका यांनी दिलेली माहिती योग्य आहे. वैद्यकीय बाजूने काही गोष्टी जोडतो आणि त्यांतली पहिली कोणत्याही यंत्राआधी यायला हवी.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक झपाट्याने उतरते, तर अँड्रोजेन हे पुरुषी संप्रेरक त्या मानाने हळूहळू कमी होते. त्यामुळे त्यांचा परस्परांशी असलेला तोल बदलतो आणि हनुवटीवरची मऊ लव काही ठिकाणी जाड केसांत रूपांतरित होते. हे फार सर्वसामान्य आहे आणि त्यात काळजीचे कारण नसते. परंतु केस काही महिन्यांतच वेगाने वाढले असतील, आवाज घोगरा झाला असेल, डोक्यावरचे केस पुरुषांसारखे कपाळाच्या बाजूंनी मागे हटत असतील किंवा छाती-पोटावरही नव्याने राठ केस येत असतील, तर टेस्टोस्टेरॉन आणि डीएचईए सल्फेट या संप्रेरकांच्या रक्ततपासण्या करून अंडाशय व अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथींचा आजार नाही ना, हे आधी पाहावे. तरुण वयात अशा केसांमागे बहुधा पीसीओएस हा अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार असतो. मिनॉक्सिडिल, सायक्लोस्पोरिन, फेनिटॉइन किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स यांनीही चेहऱ्यावर केस वाढतात, तेव्हा चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी.

कायमचे या शब्दाविषयी रुग्णांची नंतर निराशा होते, तिचे कारण येथेच स्पष्ट करतो. पूर्ण नष्ट झालेला रोमकूप पुन्हा केस देत नाही, हे खरे आहे. मात्र शेजारची जी लव आज मऊ आणि अदृश्य आहे, तिला संप्रेरकांचा रेटा मिळत राहिला तर तीच पुढे जाड होते. रुग्णाला वाटते की काढलेला केस परत आला, पण तो नवा असतो. म्हणून अँड्रोजेनचे प्रमाण खरोखर जास्त असेल तर त्यावरचा उपचार केस काढण्याबरोबरच चालला पाहिजे. नाहीतर एका बाजूने काढत राहावे आणि दुसऱ्या बाजूने नवे येत राहावेत, असे होते. अँड्रोजेनवरच्या गोळ्यांनी आधीचे जाड केस नाहीसे होत नाहीत आणि परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात, हेही ध्यानात असू द्यावे.

एफ्लॉर्निथीन नावाचे १३.९ टक्के मात्रेचे मलम चेहऱ्यावरच्या केसांची वाढ मंदावते. ते रोमकूपातल्या एका विकरावर (एन्झाइमवर) काम करते, त्यामुळे केस काळा असो वा पांढरा, त्याला फरक पडत नाही. पण ते केस काढत नाही आणि थांबवल्यावर साधारण दोन महिन्यांत वाढ पूर्वीसारखी होते, म्हणून त्याला कायमचा उपाय म्हणता येणार नाही. उपचार चालू असतानाची सोबत म्हणून ते उपयोगी पडते.

सावळ्या त्वचेबाबत दोन धोके सांगणे आवश्यक आहे. पहिला म्हणजे त्वचा भाजण्याचा; म्हणून लेसर करायचेच ठरले तर एनडी-याग हे तुलनेने सुरक्षित, कारण १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश त्वचेच्या वरच्या थरातल्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो. दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो: चेहऱ्यावर, विशेषतः सावळ्या वर्णाच्या आणि संप्रेरकांचा असमतोल असलेल्या स्त्रियांमध्ये, लेसरमुळे कधीकधी केस कमी होण्याऐवजी शेजारची बारीक लव उलट जाड व काळी होते. म्हणून गालावरच्या मऊ लवेवर लेसर मारून घेण्याचा मोह टाळावा आणि जिथे जाड काळे केस आहेत तेवढ्याच भागावर तो मर्यादित ठेवावा.

निशिगंध

आपणा दोघांचे मनापासून आभार. माझे केस काही वर्षांत हळूहळू वाढले आहेत आणि आवाजात वगैरे बदल नाही, तरीही रक्ततपासणी करून घेईन. आणखी दोन शंका आहेत. पांढरे केस आधी काळ्या रंगाने रंगवून मग लेसर केला तर चालेल का? आणि उपचारांच्या मधल्या काळात हे केस तसेच ठेवून लोकांत वावरायचे कसे? उपटायचे नाही असे सगळीकडे सांगतात, पण ते माझ्यासाठी सर्वांत कठीण आहे.

शलाका

रंगवून उपयोग होत नाही. रंग केसाच्या बाहेर आलेल्या भागाला लागतो, तर लेसरने नष्ट करायच्या पेशी त्वचेच्या आत खोलवर असतात. उलट रंगवलेला भाग पृष्ठभागाशी तापून त्वचेला चटका बसू शकतो. मेलॅनिन रोमकूपात उतरवणारी द्रव्ये लावून लेसर करण्याचेही प्रयत्न झाले, परंतु त्यातून टिकणारा परिणाम हाती आलेला नाही. असा उपचार कुणी मोठ्या खात्रीने देऊ केला, तर तुम्ही नम्रपणे नकार द्यावा.

मधल्या काळासाठी उत्तर आहे ते म्हणजे कापणे. बारीक कात्रीने किंवा चेहऱ्यासाठीच्या लहान ट्रिमरने केस त्वचेलगत कापावेत. वस्तरा फिरवला तरी चालतो. वस्तऱ्याने केस जाड होतात ही समजूत फार घट्ट बसलेली आहे आणि त्या भीतीपायी स्त्रिया वर्षानुवर्षे उपटत राहून त्वचेचे नुकसान करून घेतात, याचे मला खरोखर वाईट वाटते. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ स्त्रीने १९२८ मध्येच मोजमाप करून दाखवले होते की दाढी केल्याने केसाची जाडी, रंग किंवा वाढीचा वेग बदलत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून ते हाताला खरखरीत लागते, एवढेच. लेसरच्या आधी साधारण महिनाभर उपटणे, वॅक्सिंग आणि थ्रेडिंग पूर्ण बंद ठेवावे, कारण मूळच जागेवर नसेल तर लेसरने तापवायचे काय? इलेक्ट्रोलिसिससाठी मात्र केस चिमट्यात धरता येईल इतका वाढलेला लागतो, म्हणून बैठकीच्या आधीचे दोन-तीन दिवस कापू नये. तेवढे दिवस सुट्टीला जोडून घेतले की अवघडलेपण कमी होते.

आरसपानी

निशिगंध, मी याच वाटेने गेले आहे, म्हणून रुग्णाच्या बाजूने लिहिते. माझे केस आधी लेसरने कमी केले आणि मग पांढऱ्यांसाठी इलेक्ट्रोलिसिस केले. लेसरनंतर पहिल्या काही महिन्यांत मला वाटले की पांढरे केस वाढलेच आहेत, आणि त्याने मन खचले. वस्तुतः ते आधीही तेवढेच होते; काळ्या केसांच्या गर्दीत ते नजरेत येत नव्हते आणि काळे गेल्यावर उघडे पडले. हे कुणी आधी सांगितले असते तर तेवढा मनस्ताप झाला नसता.

वेदनेविषयी प्रामाणिकपणे सांगायचे तर हनुवटीवर ती सहन होते. प्रत्येक केसाला क्षणभर चटका आणि उष्ण टोचणी जाणवते, आणि बैठक लांबली की त्वचा हळवी होत जाते. वरच्या ओठावर मात्र, विशेषतः नाकाखालच्या मधल्या भागात, डोळ्यांतून पाणी येते. बधिर करणारे मलम डॉक्टरांना विचारून लावल्याने मला बराच फरक पडला. बैठकीनंतर लाली आणि बारीक सूज एक-दोन दिवस राहते, काही ठिकाणी खपल्या धरतात. त्या नखाने काढायच्या नाहीत, इतकी एकच गोष्ट मी कसोशीने पाळली आणि माझ्या त्वचेवर डाग राहिले नाहीत. ऊन टाळणे आणि सनस्क्रीन लावणे हे तर तुमच्या वर्णाला दुप्पट आवश्यक आहे.

केस गेले याहून मोठा आनंद मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. समोरचा माणूस बोलत असताना हनुवटीवर हात ठेवण्याची सवय सुटली. हा प्रश्न क्षुल्लक आहे, वयाप्रमाणे चालायचेच, असे कुणी म्हटले तर मनावर घेऊ नका.

उत्तरायण

विषय स्त्रियांच्या संदर्भात चालला आहे, तरी पुरुषाच्या अडचणीलाही येथे जागा असावी असे वाटते. माझी दाढी बरीचशी पांढरी झाली आहे, केस कुरळे आहेत आणि दाढी केल्यावर गळ्यावर ते आत वळून पुळ्या येतात. संपूर्ण दाढी इलेक्ट्रोलिसिसने काढणे व्यवहार्य आहे का?

त्वचावैद्य

शक्य आहे, परंतु काम मोठे आहे. पुरुषाच्या पूर्ण दाढीतल्या केसांची संख्या आणि त्यांची खोली पाहता एकेक केस काढायला शंभराहून अधिक तास सहज लागतात आणि ते दोन वर्षे किंवा त्याहून जास्त काळात विभागावे लागतात. ज्यांना संपूर्ण चेहरा केसविरहित हवा आहे, ज्यांत लिंगबदलाच्या वाटेवरील स्त्रियाही येतात, त्या हे काम चिकाटीने पूर्ण करतात. आपली अडचण मात्र पुळ्यांची आहे, आणि ती बहुतेक वेळा गळा आणि जबड्याच्या खालच्या भागापुरती असते. तेवढाच पट्टा मोकळा केला तर तासही कमी लागतात आणि चेहऱ्याची ठेवणही बदलत नाही. गळ्यावर अजून काळे केस असतील तर त्यांच्यासाठी लेसर आधी, हा क्रम आपल्यालाही लागू आहे. दाढी परत ठेवावीशी वाटली तर ती येणार नाही, याचा विचार वर्षभर तरी दाढी न ठेवता राहून करावा. तोवर वस्तऱ्याने घोटून दाढी करण्याऐवजी ट्रिमरने केस किंचित वर ठेवल्यास पुळ्या बऱ्याच कमी होतात.

निशिगंध

माझे केस विरळ आहेत हे आरशात नीट पाहिल्यावर लक्षात आले, म्हणून थेट इलेक्ट्रोलिसिसच करावे असे ठरवत आहे. हे काम करणारी व्यक्ती चांगली आहे हे ओळखायचे कसे?

शलाका

पहिल्याच भेटीत पूर्ण हनुवटी करून घेऊ नका. जबड्याच्या खाली, सहज दिसणार नाही अशा जागी थोडे केस काढून घ्या आणि सहा ते आठ आठवडे थांबा, कारण सावळ्या त्वचेवर डाग लगेच न दिसता काही आठवड्यांनी उमटतो. तुम्हाला जखमेवर जाड, उंच व्रण येण्याची प्रवृत्ती असेल, हृदयात पेसमेकर असेल किंवा ओठावर वारंवार नागिणीसारखे फोड येत असतील, तर ते आधी सांगा आणि डॉक्टरांची परवानगी घेऊनच सुरुवात करा.

बैठकीत स्वतः लक्ष द्या. सुई प्रत्येक वेळी नवी, निर्जंतुक आणि तुमच्यासमोर फोडलेल्या पाकिटातली असली पाहिजे. काम करणारी व्यक्ती भिंग आणि भरपूर उजेड वापरते का ते पाहा, कारण पांढरा केस त्वचेवर दिसणे अवघड असते आणि रोमकूपाचे तोंड अचूक सापडले नाही तर वीज भलत्या जागी जाते. सुई आत जाताना टोचल्यासारखे वाटत असेल, तर ती रोमकूपात गेलेली नाही. वीज दिल्यावर केस विनाअडथळा सरकून बाहेर यायला हवा. प्रत्येक केस ओढून, उपटल्याचा झटका बसून निघत असेल, तर मूळ नष्ट झालेले नाही आणि तुम्ही पैसे देऊन केस उपटून घेत आहात. अगदी जवळजवळचे केस एकाच बैठकीत काढणारी व्यक्तीही टाळा, कारण उष्णता एका जागी साचून बारीक खड्डे पडू शकतात. अनुभवी हात एक केस काढतो, थोडे अंतर सोडतो आणि राहिलेले पुढच्या खेपेला घेतो.